पाठीमागचा डोळा

वलगावहून परतवाड्याच्या दिशेने सायकल निघाली की घरातून हमखास हाक येते, “मागून गाडी पाह्यजो रे बाप्पा!” सूचना मायेची खरी, पण ती पाळायची कशी? पाठीला डोळे नसतात. मान मागे वळवली की हँडलही वळते. या मार्गावर शाळकरी मुले, मजूर आणि चिखलदऱ्याच्या ओढीने पहाटे निघणारे हौशी सायकलपटू भरधाव ट्रक-मोटारींच्या सोबतीने जात असतात. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांनी १ लाख ६८ हजारांवर माणसे हिरावून नेली. तेव्हा घरच्यांची धास्ती अनाठायी म्हणता येणार नाही.

या धास्तीवर विज्ञानाने एक उपाय शोधला आहे. दक्षिण आफ्रिकेतील आयकुबू कंपनीने सायकलीच्या मागे बसवायचे रडार तयार केले. २०१५ साली गार्मिनने ती कंपनी विकत घेतली आणि ‘व्हेरिया’ नावाचे रडार बाजारात आणले. आता इतर कंपन्यांचीही अशी रडार मिळतात. आसनाखालची ही छोटी डबी रेडिओ लहरी सोडते आणि परतलेल्या लहरींवरून मागच्या वाहनाचे अंतर व वेग ताडते. चांगले रडार सुमारे १४० मीटरवरून इशारा देते. सायकल ताशी २० आणि मोटार ८० किलोमीटर वेगाने येत असेल, तर सायकलस्वाराला आठ सेकंद मिळतात. कडेला सरकायला तेवढी पुरतात.

घ्यायचेच असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. रडारसोबत दिवसाही दिसणारा लाल दिवा असावा. इशारा कानाला ऐकू यावा. सतत पडद्याकडे पाहावे लागले तर समोरचा खड्डा चुकायचा नाही. आणि एका चार्जिंगमध्ये जाऊन-येऊन प्रवास पुरा व्हावा. मर्यादाही ओळखाव्यात. घाटातल्या वळणापलीकडचे वाहन रडारला दिसत नाही. आपल्याच वेगाने मागे रेंगाळणारी गाडी त्याच्या नजरेतून सुटू शकते. ओव्हरटेक करीत समोरून अंगावर येणाऱ्या वाहनाविषयी तर ते काहीच सांगत नाही. म्हणून डबी शांत आहे एवढ्यावरून वळू नये. एकदा मागे पाहावेच.

अशा काही रडारांची किंमत साध्या सायकलीहून अधिक आहे. रोज शाळेत किंवा कामावर जाणाऱ्याला ती परवडायची कशी? त्याच्यासाठी मागचा लाल दिवा, रिफ्लेक्टर आणि हँडलवरचा आरसा हा पहिला खर्च. आज रविवार आहे. घरातली सायकल अंगणात काढून तिच्या मागे यांतले काय आहे, तेवढे पाहून घ्या.

आणि ज्यांच्या घरी मोटार आहे, त्यांनी एक ध्यानात ठेवावे. रडार सावध करते ते सायकलवाल्याला. ब्रेक मात्र आपल्या पायाखाली असतो. वेग कमी करून, पुरेसे अंतर राखून पुढे जाणारा चालक मागे असेल, तर बिनरडारची सायकलही सुखरूप घरी पोहोचेल.