जुनी चौकट, नवं घर

आमच्या मलकापूर-कराडकडे जुनं घर पाडलं की सागवानी दारं-खिडक्या व्यापारी उचलतो. नक्षीदार माल शहरातल्या बंगल्यांत जातो, उरलेला चुलीत. अमेरिका-कॅनडात 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी'ची 'रीस्टोअर' दुकानं आहेत. पहिलं १९९१ साली विनिपेगला निघालं. लोक तिथे जुनी दारं, फरश्या, बेसिनं दान देतात. ती स्वस्तात विकून आलेल्या पैशांतून गरजूंची घरं उभी राहतात.

आपल्याकडे २०१६ च्या ग्रामीण आवास योजनेत सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये ठरले. एवढ्यात भिंती उभ्या करता करताच माणूस मेटाकुटीला येतो, मग दारं कुठून आणायची? आपण जुने कपडे, पुस्तकं देतो, मग चौकट का नको? एखाद्या मंडळाने रिकामी शेड द्यावी. मात्र वाळवी लागलेलं लाकूड दान म्हणून खपवू नये!