कॅप्टन न झालेला बाळू

आमच्या रत्नागिरीत क्रिकेटचा विषय निघाला की गाडी गावसकर-सचिनवर येऊन थांबते. पालवणकर बाळू म्हटलं तर, "कोण रे हा?" आडनावात कोकणातलं पालवण गाव आहे, तरीही!

जन्म १८७६, धारवाड, चांभार समाजातलं घर. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात पिच रोल करायचं, नेट लावायचं, मग ग्रेगसाहेबाला तासन्‌तास बॉलिंग टाकायची. बॅट मात्र हातात कुणी दिली नाही. पुढे हिंदूंच्या संघाने त्याला घेतलं, कारण साहेबांना हरवायचं होतं. त्याने टाकलेला बॉल सगळ्यांना चालायचा. चहा मात्र त्याला पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या कपात!

१९११ चा इंग्लंड दौरा: ११४ विकेट्स, सरासरी १९ च्या आत. कॅप्टन कोण, तर पतियाळाचे महाराज. असो.

आमच्या ऑफिसात कॅन्टीनमध्ये मेरिटवर जोरजोरात चर्चा होतात. "परफॉर्मन्स असला की झालं, बाकी काही बघू नका." मग मला सांगा, बाळूच्या परफॉर्मन्समध्ये काय कमी होतं? अप्रेझलला अजून किती विकेट्स दाखवायच्या होत्या? विकेट्सनी काही हललं नाही. १९२० साली विठ्ठल आणि शिवराम या धाकट्या भावांनी निषेध म्हणून संघातून नाव काढून घेतलं, तेव्हा कुठे बाळू व्हाइस-कॅप्टन झाला. चव्वेचाळिसाव्या वर्षी!

१९२३ मध्ये विठ्ठल हिंदूंचा कॅप्टन झाला. ती चौरंगी स्पर्धा हिंदूंनीच जिंकली.