तिळगूळ आणि पानिपत

पौषातल्या थंडीत घराघरांतून तीळ भाजल्याचा खमंग वास येऊ लागतो, हरभऱ्याचे घाटे, बोरे आणि उसाची कांडी घालून सुगडी भरली जातात, काळ्या साडीवर हलव्याचे दागिने खुलतात आणि सूर्य मकर राशीत प्रवेश करतो. आपण एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवतो, थोरांच्या पाया पडतो, आणि ज्याच्याशी वर्षभर अबोला धरला त्याच्याही दारात जाऊन उभे राहतो. मनाची जळमटे काढण्याची ही मुभा सणाने आपल्याला दिली आहे. मात्र याच दिवसांत, १४ जानेवारीला, मराठी मनाच्या तळाशी आणखी एक स्मरण जागे होते. १७६१ साली याच तारखेला पानिपतावर आपली एक पिढी कामी आली.

पानिपताची कारणे अनेक होती. पैशाची चणचण, तुटलेली रसद, सैन्यासोबतचे हजारो यात्रेकरू आणि बायकामुले, अब्दालीला मिळालेली नजीबखान आणि शुजाची साथ. मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांच्या शौर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही, आणि सारा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही त्या मोहिमेतला सूरजमल जाटाचा प्रसंग आजच्या दिवशी आठवावा असा आहे. भरतपूरचा हा अनुभवी राजा मराठ्यांच्या बाजूने आला होता. बुणगे, कुटुंबकबिला आणि जड सामान मागे सुरक्षित ठेवून गनिमी काव्याने लढावे, असा त्याचा सल्ला होता. तो मानला गेला नाही. दिल्लीत दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवण्यालाही त्याने विरोध केला, तोही व्यर्थ गेला. त्याला तुच्छ लेखले गेले, असे बखरी सांगतात. अखेर तो आपली फौज घेऊन निघून गेला. सल्ला नाकारणे हा सेनापतीचा अधिकार असतो. सल्ला देणाऱ्याचा मान राखूनही तो नाकारता येतो. राज्यकारणात मतभेद अटळ असतात, अवहेलना अटळ नसते.

पुढे जे घडले ते अधिक विचार करायला लावणारे आहे. रणातून वाचलेली माणसे उपाशी, जखमी, वस्त्रहीन अवस्थेत दक्षिणेकडे निघाली, तेव्हा त्यांना आसरा दिला तो याच सूरजमलाने. अन्न दिले, वस्त्रे दिली, जखमांवर उपचार करवले. त्या पळणाऱ्या माणसांनी कोणाचाही पाणउतारा केला नव्हता. मसलतीच्या तंबूत ती नव्हतीच. पण दुखावलेल्या राजाने सूड घ्यायचे ठरवले असते, तर त्याची किंमत त्यांनीच मोजली असती. नेत्याने कोणाला दुखावले की त्याचे ऋण त्याच्या एकट्याच्या नावावर राहत नाही. मागून चालणाऱ्या साऱ्या समुदायाला ते फेडावे लागते. सूरजमलाने ते वसूल केले नाही, हा त्याचा मोठेपणा. असा मोठेपणा दर वेळी समोर भेटेल, या भरवशावर कोणत्याही नेत्याने जीभ सैल सोडू नये.

याचा अर्थ नेत्यांनी मिळमिळीत बोलावे असा नव्हे. कठोर टीका हा लोकशाहीचा प्राण आहे, आणि आपल्या महाराष्ट्राने ती कधी कमी केलेली नाही. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी पंडित नेहरू आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने काळी निशाणे घेऊन प्रचंड निदर्शने केली, आणि ती शांततेत पार पाडली. विरोधाला धार होती आणि पाहुण्याच्या वाटेला अपाय नव्हता. अडीच वर्षांत, १ मे १९६० रोजी, मराठी भाषकांचे राज्य झाले. धोरणावर, कारभारावर, खोटेपणावर हवा तेवढा प्रहार करावा. माणसाच्या जातीवर, देहावर, घरच्या बायकांवर, दारिद्र्यावर घसरलेला शब्द मात्र कोणताही प्रश्न सोडवत नाही. तो उद्याच्या वाटाघाटींची वाट तेवढी बंद करतो. आज ज्याला आपण जाहीर सभेत खाली पाहायला लावतो, त्याच्याचबरोबर उद्या धरणाच्या पाण्याविषयी, सीमेवरच्या गावांविषयी, शेतमालाच्या भावाविषयी एका टेबलाशी बसायचे असते.

लोकसभेच्या नियम ३८० नुसार अशोभनीय शब्द कामकाजातून वगळण्याचा आदेश अध्यक्ष देऊ शकतात. पण थेट प्रक्षेपणाच्या या काळात तो आदेश निघेपर्यंत शब्द गावोगावी पोचलेला असतो, आणि चावडीवरची पोरे तो तोंडपाठ म्हणू लागलेली असतात. म्हणून ही जबाबदारी केवळ नियमांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. व्यासपीठावरून अपमान फेकला जातो तो समोरून टाळी मिळेल या खात्रीने, आणि ती टाळी आपलीच असते. आपल्या आवडत्या नेत्याने विरोधकाचा पाणउतारा केला की मनातून सुखावण्याची सवय आपल्याला लागली आहे. या संक्रांतीला नेत्यांकडून संयमाची अपेक्षा करताना आपणही एवढे पाळू या: पटलेल्या मुद्द्याला भरभरून दाद देऊ, पण कोणाच्या अवमानाला, तो आपल्या पक्षाच्या तोंडून आला तरी, टाळी वाजवणार नाही.