विश्लेषण : अमेरिकेचा शेल गॅस दाभोळला आला, भारताचा जमिनीतच का?

अंबरनाथ एमआयडीसीतल्या रसायन किंवा औषध कारखान्यात गॅसवर बॉयलर पेटतो, तेव्हा त्याचा खर्च बऱ्याच अंशी परदेशी बाजारात ठरलेला असतो. देशात निघणारा स्वस्त गॅस आधी सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसला दिला जातो. उद्योगांची भिस्त मुख्यतः आयात एलएनजीवर असते. भारताला लागणारा जवळपास निम्मा गॅस बाहेरून येतो. २०२२ मध्ये युक्रेन युद्धाने एलएनजी भडकला, तेव्हा हे परावलंबन किती महाग पडते ते देशभरच्या कारखानदारांना कळले. अशा वेळी हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, आपल्या शेल गॅसचे काय झाले?

साठा किती?

अमेरिकेच्या ऊर्जा माहिती विभागाने २०१३ मध्ये भारतात तंत्राने काढता येईल असा ९६ लाख कोटी घनफूट शेल गॅस असल्याचा अंदाज दिला. सध्याच्या वापराने तो सुमारे चाळीस वर्षे पुरेल. पण हा अंदाज आहे, हाती आलेला साठा नव्हे. तंत्राने निघतो तो परवडेल अशा दरात निघेलच असे नाही. पोलंडबद्दलही असेच मोठे आकडे आले होते. एक्झॉन २०१२ मध्ये आणि शेवरॉन २०१५ मध्ये तिथून निघून गेल्या.

अंदाजात खंबात, कृष्णा-गोदावरी, कावेरी आणि दामोदर ही चार खोरी होती. महाराष्ट्रातले एकही नाही.

मग अडले कुठे?

सुरुवात वाईट नव्हती. जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ ओएनजीसीच्या विहिरीतून शेल गॅस वाहिला. २०१३ मध्ये सरकारी कंपन्यांना आणि २०१८ मध्ये खासगी कंपन्यांनाही त्यांच्या क्षेत्रात शेल शोधायची मुभा मिळाली. व्यापारी उत्पादन मात्र आजवर नाही.

कारण खडकात आहे आणि पाण्यातही. शेल हा घट्ट, पापुद्र्यांचा खडक. त्यात आडवी विहीर नेऊन पाणी, वाळू आणि रसायने प्रचंड दाबाने सोडावी लागतात, तेव्हा तो फुटतो. एका विहिरीला दीड कोटी लिटर पाणी धरले, तरी दहा हजार लिटरचे दीड हजार टँकर झाले. उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली येते, म्हणून नव्या विहिरी खोदतच राहाव्या लागतात. शिवाय खारट, रसायनमिश्रित पाणी परत वर येते. सांडपाण्याने वालधुनीचे काय झाले आणि ते प्रकरण हरित लवादापर्यंत कसे गेले, हे पाहिलेल्या अंबरनाथकरांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

जमिनीचाही मुद्दा आहे. अमेरिकेत जमीनमालकाकडे बहुधा खनिजाचाही हक्क असतो, त्यामुळे त्याला रॉयल्टी मिळते. भारतात तेल-वायू सरकारचे. शेतकऱ्याच्या वाट्याला येते ती फक्त जमिनीची भरपाई. मग तो विहिरीला हो का म्हणेल? तमिळनाडूने २०२० मध्ये कायदा करून कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात नव्या तेल-वायू प्रकल्पांना मनाईच केली, त्यात शेलही आला.

अंबरनाथने काय धरून चालावे?

देशी शेलवर कारखान्याचे गणित मांडू नये. सरकारने खंबातसारख्या एखाद्या खोऱ्यात पाण्याचा हिशेब आधी मांडून चाचण्या जरूर कराव्यात आणि ओएनजीसीच्या विहिरींत काय सापडले ते उघड करावे. निदान पुढची चर्चा अंदाजावर होणार नाही.

परका शेल मात्र केव्हाच आला आहे. अमेरिकेतला बहुतांश गॅस आता शेलमधूनच निघतो. लुइझियानातील साबीन पास टर्मिनलहून गेलच्या दीर्घ कराराचे पहिले जहाज मार्च २०१८ मध्ये दाभोळला लागले. त्याचा दर अमेरिकेच्या हेन्री हब बाजाराशी जोडलेला आहे, त्यामुळे टेक्सासची थंडी इथल्या हिशेबात येते. करार वीस वर्षांचा आहे, म्हणजे साधारण २०३८ पर्यंत.