गोळीचे नाव आणि गोळीचा भाव

रामनवमीच्या सुमारास मुंबईहून पायी निघालेल्या पालख्या शिर्डीत येतात. चालून चालून पाय भरून आलेले असतात, अंग ठणकत असते. मग औषधाच्या दुकानात गोळी मागितली जाते, ती नावाने. कोणी क्रोसिन मागतो, कोणी कॅल्पॉल, कोणी डोलो. या तिन्ही नावांच्या साध्या गोळीत ताप उतरवणारे व दुखणे कमी करणारे औषध एकच असते : पॅरासिटामॉल.

यांतील स्वस्त गोळी कोणती? स्ट्रिपवरची किंमत पाहून ते कळत नाही. एका स्ट्रिपमध्ये ५०० मिलिग्रॅमच्या १० गोळ्या असतात, तर दुसरीत ६५० मिलिग्रॅमच्या १५. लोखंड आणि लाकूड यांची तुलना आपण नुसत्या वजनावरून करीत नाही. वस्तुमानाला आकारमानाने भागून घनता काढतो. येथेही तसाच भागाकार हवा. समजा, पहिली स्ट्रिप १० रुपयांना आहे व दुसरी ३० रुपयांना. पहिलीत ५ ग्रॅम औषध आहे, म्हणजे ग्रॅमला २ रुपये पडले. दुसरीत ९.७५ ग्रॅम आहे, म्हणजे ग्रॅमला सुमारे ३ रुपये ८ पैसे. औषध तेच, भाव मात्र दीडपट!

“महाग ते चांगले” असे पुष्कळांना वाटते. परंतु भारतीय औषधकोशातील शुद्धतेच्या कसोट्या स्वस्त व महाग अशा दोन्ही गोळ्यांना सारख्याच लागू आहेत. गुणवत्ता प्रयोगशाळेत तपासली जाते, किमतीच्या आकड्यावरून ती ठरत नाही.

नावाच्या मागे लागण्यात पैशापेक्षाही मोठा धोका आहे. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेणारा माणूस नकळत एकाच औषधाची दुप्पट मात्रा घेतो. निरोगी प्रौढानेही २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. जादा मात्रेने यकृताला गंभीर इजा होते. मुलांची मात्रा तर वजनावर ठरते. ती डॉक्टरांनीच सांगावी.

औषधे मूळ नावाने विकली जावीत, अशी शिफारस हाथी समितीने १९७५ मध्येच केली होती. २०१८ पासून एकाच औषधाच्या गोळीवर मूळ नाव व्यापारी नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापण्याचा नियम आहे. पण ग्राहक ते वाचणार नसेल, तर मोठ्या अक्षरांचा उपयोग काय? माझ्या मते ही सवय शाळेतच लागली पाहिजे. शिक्षकांनी गणिताच्या एखाद्या तासाला रिकाम्या स्ट्रिपा आणायला सांगाव्यात. विद्यार्थ्यांनी औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम, गोळ्यांची संख्या व किंमत यांचा तक्ता करावा आणि दर ग्रॅमचा भाव काढावा. त्रैराशिकाचा याहून उपयोगी धडा क्वचितच सापडेल.