चीनमधला शेवटचा दिवस कोणाचा?

चीनच्या सहलींची रंगीत माहितीपत्रके मराठी घरांतून पुन्हा फिरू लागली आहेत. २०२० मध्ये आधी करोनाने आणि मग गलवानने जी वाट बंद केली, ती हळूहळू मोकळी होते आहे. कैलास-मानसरोवराची यात्रा २०२५ च्या उन्हाळ्यात सुरू झाली, त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर थेट विमानेही उडू लागली. आता महाभिंत, सम्राटांचे राजवाडे आणि शांघायचे मनोरे पाहण्यास आपली मंडळी निघतील. जरूर निघावे. ज्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्या गाठ आहे, तो शेजारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला बरा. आमचे भांडण सहलीशी नाही; तिच्या शेवटच्या दिवसाशी आहे.

तो दिवस कसा जातो, हे जाऊन आलेल्या कोणालाही विचारावे. सहलीचा शेवट बहुधा बीजिंगमध्ये. सकाळी रेशमाचा कारखाना, मग मोत्यांचे दालन, मग चहाची चव. वाटेत एक वैद्य नाडी पाहतो, प्रत्येकाच्या यकृतात उष्णता शोधून काढतो आणि तीन महिन्यांची चूर्णे गळ्यात मारतो. दुपारी बहुमजली बाजार. तेथे भाषा एकच, गणकयंत्रावरचे आकडे! संध्याकाळी खोल्याखोल्यांतून वजनकाटा फिरतो, एकाच्या बॅगेतले बूट दुसऱ्याच्या बॅगेत जातात, निरोपाच्या जेवणात पुरी-भाजी आणि गाण्यांच्या भेंड्या होतात, आणि अभिप्रायाच्या अर्जावर ‘जेवण उत्तम’ असे लिहून मंडळी विमानतळाकडे निघतात.

हेच हात दिवाळीपूर्वी ‘चिनी आकाशकंदील घेऊ नका’ असे संदेश शंभर जणांना पाठवीत असतात. स्वदेशीचे व्रत दादरच्या फुटपाथवर पाळायचे आणि बीजिंगच्या तिसऱ्या मजल्यावर सोडायचे, हा कोणता आचारधर्म? येवल्याच्या पैठणीशी घासाघीस करणाऱ्या भगिनी तिथल्या रेशमी रजईला मुकाट्याने पैसे मोजतात. बरे, हे केवळ गाइडच्या सक्तीमुळे होते असे म्हणावे, तर १ ऑक्टोबर २०१३ पासून लागू असलेला चीनचाच पर्यटन कायदा प्रवाशांना ठरावीक दुकानांत नेण्यास मनाई करतो. अपवाद एकच : प्रवाशांची मागणी वा संमती असेल तर. ती संमती आपण पैसे भरतानाच देऊन बसलेलो असतो. माहितीपत्रकात ‘खरेदीसाठी वेळ’ दिसला नाही, तर पहिली तक्रार आपल्याच घरातून येते.

आणि त्याच बीजिंगपासून सुमारे २८० किलोमीटरवर, जलद रेल्वेने दीड तासाच्या आत, शिजियाझ्वांग शहरात सोलापूरचा एक मुलगा चिरनिद्रा घेत आहे.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. जन्म १९१०, सोलापूर. शिक्षण मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात. जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनने साहाय्य मागितले, तेव्हा सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून निघाले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. त्यांपैकी नागपूरचे चोळकर आणि सोलापूरचे कोटणीस हे दोघे मराठी. वडिलांच्या निधनाची वार्ता कोटणिसांना चीनमध्येच कळली. परतण्याची मुभा असताना ते परतले नाहीत. पुढे येनानला गेले, मग थेट आघाडीवर. लढाई ऐन भरात असता सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया करीत राहिल्याची हकीकत त्यांच्याविषयी सांगितली जाते. १९४१ मध्ये ते बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. तेथील परिचारिका ग्वो चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला, मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले, तेव्हा वय होते अवघे बत्तीस आणि मूल काही महिन्यांचे. पाचांतले चौघे परत आले.

काही दिवसांपूर्वी सूर्यमाळला मुक्कामी असताना ठाणे-डोंबिवलीची काही कुटुंबे सोबत होती. मोखाडा तालुक्यातले हे उंचावरचे थंड ठिकाण. रात्री जेवणे झाल्यावर अंगणात एका दांपत्याने जुन्या चीन सहलीची छायाचित्रे दाखविली. कोटणिसांचे नाव काढले, तर ज्येष्ठांना शांतारामबापूंचा १९४६ चा चित्रपट आठवला. तरुणांपैकी एकालाही काही ठाऊक नव्हते, आणि त्यांत दोन वैद्यकीय विद्यार्थी होते! चुलीपाशी बसलेल्या गावकऱ्याने मात्र सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘तो इतक्या लांब कशाला गेला? आमच्याकडं डाक्तर आला का बदलीच मागतो.’’

त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हते. याच तालुक्यात मर्कटवाडीच्या एका मातेला ऑगस्ट २०२२ मध्ये झोळीत घालून डोंगर उतरवावा लागला. तिची जुळी बाळे वाचली नाहीत. मुंबईचा डॉक्टर मोखाड्याला टिकत नाही, अशा काळात पोराबाळांना दाखवावे असे एक ठिकाण परदेशात आहे, आणि तेथल्या वाटेवर आपण मोत्यांच्या माळा निवडत बसतो.

यावर आमच्याच गोटातून आक्षेप येईल, याची कल्पना आहे. कोटणीस १९४२ मध्ये तिथल्या कम्युनिस्ट पक्षात गेले, मग त्यांचे आम्हाला काय? त्या विचाराशी आमचा विरोध जुना आहे आणि तो तसाच राहील. परंतु पथक पाठविले ते काँग्रेसने, आणि ज्या सुभाषबाबूंच्या अध्यक्षपदाच्या काळात ते गेले, तेच सुभाषबाबू पुढे जपानच्याच साहाय्याने आझाद हिंद सेना उभी करते झाले. इतिहासाची गणिते इतकी सरळ नसतात. पितृपक्षात तर्पण करताना आपण मृताचे सभासदपत्र मागतो काय?

दुसरा आक्षेप अधिक मनापासूनचा आहे. बासष्टचा विश्वासघात, गलवानमध्ये पडलेले वीस जवान. त्या देशात जाऊन फुले कोणी वाहायची? हा राग खरा आहे, तो विझू नये. पण सातव्या शतकात पुलकेशीच्या महाराष्ट्रात आलेल्या ह्युएनत्संग या चिनी यात्रेकरूने आपल्या पूर्वजांचे दोन गुण नोंदविले आहेत : ते अपमान विसरत नाहीत आणि उपकारही विसरत नाहीत. पहिलाच तेवढा आपण लक्षात ठेवला. शिवाय फुले वाहायची ती चीनला नव्हेत, सोलापूरला.

चीनने मात्र आपला हिशेब चोख ठेवला आहे. समाधी निगुतीने राखली, पुतळा उभारला. हू जिंताओ २००६ मध्ये आणि ली केचियांग २०१३ मध्ये मुंबईस आले, तेव्हा दोघांनीही कोटणीस कुटुंबीयांची भेट घेतली. सीमेवर कुरापती आणि दिवाणखान्यात कोटणिसांचे स्मरण, हे नाणे बीजिंग मोठ्या कौशल्याने वापरते. आपण आपल्या माणसाकडे पाठ फिरविली, म्हणून ते त्यांच्या खिशात राहिले. सोलापुरात २०१२ मध्ये स्मारक झाले. सोलापूरवरून तुळजापूर-अक्कलकोटला जाणाऱ्या किती गाड्या तेथे थांबतात, हेही कधी मोजावे.

राहिला प्रश्न वेळेचा. वेळ नाही, असे सहल कंपनीच्या खिडकीवर सांगितले जाईलच. परतीचे विमान रात्रीचे असेल, तर सामान हॉटेलवर ठेवता येते. सकाळी बीजिंगच्या पश्चिम स्थानकावरून निघायचे, दुपारी हुतात्म्यांच्या त्या उद्यानात तासभर, संध्याकाळपर्यंत परत. पंचवीस जणांच्या गटातील दहांनी पैसे भरण्यापूर्वी लेखी मागणी केली, तर कार्यक्रमपत्रिकेत हा दिवस घालण्यावाचून कंपनीस गत्यंतर नाही. जाताना बॅगेत सोलापूरची एक चादर असू द्यावी. तेवीस किलोंत तिचे वजन सहज बसते, आणि येताना तेवढी जागा रिकामी राहिली तरी चालेल.