फ्रेडीला हिरो म्हणायचं का?

गेले दोन महिने आमच्या गावातल्या पाच-सहा वाचणाऱ्या लोकांत एक इंग्रजी कादंबरी फिरते आहे. जॉर्जेट हेयर या लेखिकेची 'कोटिलियन', साल १९५३. आमच्या प्रतीचं मुखपृष्ठ फाटलंय, मधली पानं सुटलीत. वाचणारे म्हणजे एक निवृत्त इंग्रजीचे सर, बँकेतल्या एक ताई, एम.ए. करणारी एक मुलगी, मेडिकल दुकान चालवणारा एक मित्र, माझी बायको आणि मी. या एका पुस्तकावरून आमच्यात जेवढी वादावादी झाली तेवढी पाणीपट्टी वाढली तेव्हाही झाली नव्हती. मुद्दा एकच. फ्रेडी स्टँडन नावाच्या माणसाला हिरो म्हणायचं की नाही?

ज्यांनी हेयर वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारपणामुळे राज्य चालवू शकेना, म्हणून १८११ ते १८२० ही नऊ वर्षं त्याच्या मुलाने रीजंट म्हणून कारभार पाहिला. तो रीजन्सीचा काळ. जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्या याच काळात छापल्या गेल्या, वॉटर्लूची लढाई याच काळातली. आणि आपल्याकडे? नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं आणि पुढच्या वर्षी पेशवाई संपली. वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टन हा तोच वेलस्ली, जो १८०३ साली आपल्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढला होता. म्हणजे तिकडे बॉलरूममध्ये मेणबत्त्या जळत होत्या तेव्हा इकडे काय चाललं होतं हे डोक्यात ठेवूनच मी या गोष्टी वाचतो. हिंदुस्थानातून गडगंज होऊन परतलेले लोक त्या समाजात सर्रास वावरत होते. असो, तो वेगळ्या पोस्टचा विषय.

हेयरबाईंचा जन्म १९०२ चा, मृत्यू १९७४ चा. १९३५ साली त्यांनी 'रीजन्सी बक' लिहिली आणि मग हा काळ जणू त्यांच्या नावावरच झाला. मुलाखती द्यायच्या नाहीत, प्रसिद्धीच्या मागे लागायचं नाही, तरी पुस्तकं धडाधड खपायची. आज रीजन्सी रोमान्स म्हणून जे काही पेटारेच्या पेटारे भरून छापलं जातं त्याची मूळ बाई हीच. त्यातला हिरोचा साचाही बऱ्याच अंशी तिनेच पक्का केला. उंच, श्रीमंत, तिरकस बोलणारा, चार घोड्यांची गाडी भरधाव हाकणारा, मुष्टियुद्धात तरबेज आणि बायकांना कंटाळलेला. 'रीजन्सी बक'मधला लॉर्ड वर्थ नायिकेशी नीट ओळख होण्याआधीच तिचं जबरदस्तीने चुंबन घेतो. 'डेव्हिल्स कब'मधला व्हिडाल तर नायिकेला सरळ पळवून नेतो. ती त्याच्यावर गोळी झाडते, हे मात्र मानलं पाहिजे. पण शेवटी दोन्हीकडे लग्न त्यांच्याशीच.

आता 'कोटिलियन'. किटी ही अनाथ मुलगी. तिला सांभाळणारा म्हातारा पेनिक्विक हा एक नंबरचा कंजूष. तो एके दिवशी जाहीर करतो की माझ्या भावा-बहिणींच्या नातवांपैकी कुणाशी किटीने लग्न केलं तर सगळी इस्टेट तिची. मग काय, नातू गोळा होतात. एक पाद्री, एक बिचारा आईच्या धाकातला मंदबुद्धी उमराव, आणि एक तर आधीच लग्न झालेला, तोही येतो! किटीचं मन ज्याच्यावर आहे तो जॅक मात्र येत नाही. जॅक हा हुबेहूब वरच्या साच्यातला. देखणा, जुगारी, बेफिकीर. म्हाताऱ्याने बोलावलं म्हणून कशाला जायचं, ही आपली हक्काचीच आहे, कुठे जातेय, हा त्याचा भरवसा. किटी चिडते, घरातून बाहेर पडते आणि रस्त्यातल्या खानावळीत तिला उशिरा निघालेला फ्रेडी भेटतो. ती त्याच्या गळ्यात खोटा साखरपुडा मारते, म्हणजे महिनाभर लंडनला जाता येईल आणि जॅकची जिरवता येईल.

हा फ्रेडी कसा? देखणा नाही. हुशार तर नाहीच, त्याचे वडीलच त्याला फारसं मनावर घेत नाहीत. शूरपणाचं नाव नाही. त्याला कळतं ते एवढंच: कपडे, कुणाकडे कसं वागायचं, कुठल्या वेळी कुठे जायचं. त्याच्या बहिणीने कुठला रंग घालू नये हे तो ठामपणे सांगू शकतो. किटीला लंडन बघायचंय म्हणून तिच्यासोबत गाइडबुक घेऊन फिरतो, एल्गिनचे ते प्रसिद्ध ग्रीक पुतळे बघायला जातो आणि डोकी नसलेले पुतळे लोकांना दाखवतात म्हणून वैतागतो. अख्ख्या कादंबरीत वाचकाला वाटत राहतं की हा मधला माणूस, शेवटी जॅक येणार. आणि जॅक येतो तेव्हा किटीला कळतं की तिला तो नकोच आहे. सत्तर वर्षं झाली पुस्तकाला, शेवट सांगितला म्हणून रागावू नका.

आमच्यातलं पहिलं मत मेडिकलवाल्याचं. "भाऊ, हा भाऊ वाटतो, नवरा नाही वाटत." हे मत त्याचं एकट्याचं नाही. हेयरच्या वाचकांत हा आक्षेप जुना आहे की या जोडीत प्रेमाची धग नाही. दुसरा आक्षेप सरांचा, तो जास्त वजनदार. त्यांच्या मते लेखिकेने वाचकाला फसवलं, जॅकला हिरोसारखं उभं केलं आणि ऐनवेळी खुर्ची काढून घेतली. बँकेतल्या ताईंचं म्हणणं उलट. त्या म्हणाल्या, दुसऱ्यांदा वाचा. जॅक पहिल्यापासून तसाच आहे, आपणच त्याला हिरो समजून वाचलं. मला ताईंचं पटतं. फसवलं कुणी असेल तर ते आपल्या सवयीने.

एम.ए.वाल्या मुलीला फ्रेडी मनापासून आवडला, पण तिने त्याचं जे कारण दिलं ते ऐकून सगळे गप्प झाले. ती म्हणाली, "तो एकदाही तिच्या मागे लागत नाही."

वाचकांची मतं ही गंमतीची गोष्ट आहे. खुद्द जेन ऑस्टेनने 'मॅन्सफिल्ड पार्क' (१८१४) आणि 'एमा' (१८१५) आल्यावर घरच्यांची, शेजाऱ्यांची, ओळखीपाळखीच्या लोकांची मतं कागदावर उतरवून ठेवली होती. ती यादी आजही उपलब्ध आहे आणि मला ती तिच्या काही प्रकरणांहूनही आवडते. सख्ख्या आईला 'मॅन्सफिल्ड पार्क'ची नायिका मिळमिळीत वाटली! एका बाईंनी कळवलं की लेखिका ओळखीची नसती तर 'एमा' वाचून झालंच नसतं. एका गृहस्थांनी पुस्तक रंजक नाही असं ऐकलं म्हणून फक्त पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचलं. (आमच्याकडे पुस्तक प्रकाशनाला येणारे प्रमुख पाहुणे यांचेच वंशज असावेत.) एका पाद्रीबुवांना पाद्र्यांची चित्रं रुचली नाहीत. नौदलातला भाऊ चार्ल्स मात्र प्रवासात 'एमा' तीनदा वाचून गेला. बाईंनी हे सगळं, चांगलं-वाईट, बिनतक्रार लिहून ठेवलं. कुणाला उत्तर नाही, कुणाला ब्लॉक नाही.

आणि त्यातही हिरोवर मतं आहेतच. 'मॅन्सफिल्ड पार्क'चा एडमंड म्हणजे पाद्री व्हायला निघालेला, गंभीर, सरळमार्गी मुलगा. असला मुलगा त्या चटपटीत, तत्त्वशून्य मेरीच्या प्रेमात इतका कसा पडेल, हे ऑस्टेनच्या लाडक्या पुतणीला पटेना. त्याच पुतणीला एमा सहन झाली नाही, पण मिस्टर नाइटली फार आवडला. नाइटली म्हणजे एमाहून सोळा वर्षांनी मोठा, सहसा न नाचणारा आणि येता-जाता तिची कानउघाडणी करणारा. तोही रूढ अर्थाने हिरो नव्हेच. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीही वाचक हेच विचारत होते: असा माणूस असतो का, आणि असला तर आपल्याला चालेल का? जो तो आपल्या घरातली माणसं समोर ठेवूनच पुस्तकातल्या माणसाला मार्क देतो.

आता तुम्ही म्हणाल, इथे रस्त्यावर खड्डे पडलेत आणि हे कुठलं घेऊन बसलात. सांगतो.

आमच्या धंद्यात एक ठरलेला शब्दप्रयोग आहे: 'एकतर्फी प्रेमातून'. एकतर्फी प्रेमातून तरुणीवर कोयत्याने वार. एकतर्फी प्रेमातून अ‍ॅसिड फेकलं. बावीस वर्षं बातमीदारी केली, हा मथळा किती वेळा छापून आला मोजलेलं नाही. आमच्या डेस्कवर मी दोनदा भांडलो की हा शब्द काढा. उत्तर आलं, लोकांना तेच कळतं. प्रश्न नेमका तोच आहे. तिने 'नाही' म्हटल्यावर सहा महिने क्लासच्या दारात बाईक लावून उभं राहण्याला आपल्या भाषेत प्रेम म्हणतात. त्याला पुढे फक्त 'एकतर्फी' लावायचं, की झालं. कायद्याने पाठलाग हा गुन्हा २०१३ साली स्वतंत्रपणे लिहिला गेला, नव्या न्याय संहितेत तो कलम ७८ आहे. पण कलम येण्याच्या वीस वर्षं आधी, १९९३ ला, 'डर' आला होता आणि थिएटरात शिट्ट्या कुणाला पडल्या हे माझ्या वयाच्या माणसांना विचारा.

एका कादंबरीमुळे किंवा पिक्चरमुळे कुणी कोयता उचलतो असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं आळशीपणाचं आहे. पण मागे लागणारा तो हिरो आणि विचारणारा तो मवाळ, ही मोजपट्टी आपल्या हातात लहानपणीच दिली जाते. मुलांच्याही आणि मुलींच्याही. म्हणून ती मुलगी जे बोलली ते मला साहित्याच्या चर्चेपेक्षा मोठं वाटलं. ती रोज एसटीने तालुक्याच्या कॉलेजला जाते.

माझ्या बायकोने इथे अमोल पालेकर काढला. म्हणाली, आपल्याकडेही होता की साधा हिरो. होता. पण 'छोटी सी बात' आठवा. तो लाजरा अरुण शेवटी खंडाळ्याला कर्नलसाहेबांकडे शिकवणीला जातो, चालायचं कसं, बोलायचं कसं, डाव टाकायचे कसे ते शिकून येतो, मगच त्याला पोरगी मिळते. पिक्चर मला अजूनही आवडतो. पण त्यातही साध्या माणसाला साधा म्हणून पास केलेलं नाही, शिकवणी लावून पास केलंय. फ्रेडीला कुणी शिकवणी लावत नाही. तो पहिल्या पानावर जसा आहे तसाच शेवटच्या पानावर आहे. बदलते ती किटीची नजर. किटीचं म्हणणं साधारण असं की ड्रॅगन मारणारे वीर असतील मोठे, पण रस्त्यात ड्रॅगन कितीदा भेटतो? चार लोकांत फजिती होते तेव्हा तिथून नीट बाहेर काढणारा माणूस लागतो.

सरांनी यावर हुकमी पत्ता टाकला. म्हणाले, शेवटी फ्रेडी जॅकला ठोसा मारून खाली पाडतोच ना? मग कुठे गेला तुमचा मवाळ नायक? बरोबर आहे. जॅक किटीबद्दल वाकडं बोलतो आणि फ्रेडी त्याला आडवा करतो. मला वाटतं हेयरबाईंना तिथे राहवलं नाही, वाचकाची थोडी हौस पुरवली. ती जागा मला कच्ची वाटते. पुस्तकात आणखीही खटकणारं आहे. सगळं जग उमरावांचं, नोकर फक्त चहा आणायला. हेयरच्या 'द ग्रँड सोफी'त (१९५०) ज्यू सावकाराचं जे चित्र आहे ते तर आज वाचवत नाही. लेखिका लाडकी म्हणून हे झाकायचं कारण नाही.

पण त्याच शेवटच्या प्रसंगात ठोशापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे आमच्यापैकी फक्त ताईंचं लक्ष गेलं. तो आईच्या धाकातला मंदबुद्धी उमराव, डॉल्फिंटन, एका साध्या व्यापारी घरातल्या मुलीवर जीव लावून बसलाय. किटी त्या दोघांना पळवून पाद्री भावाकडे घेऊन जाते. सगळे पोचतात, आई मागावर आहे, पोरगं कपाटात लपलंय, आणि तेव्हा ध्यानात येतं की लग्नाला जो खास परवाना लागतो तो कुणी आणलेलाच नाही. फ्रेडी येतो तो खिशात परवाना घेऊन. याला वाटलंच होतं, हे लोक विसरणार.

ताईंचं स्वतःचं लग्न आंतरजातीय, नोंदणी पद्धतीने झालेलं. त्या म्हणाल्या, तुम्ही पुरुष ठोशावर भांडा, मला तो परवाना दिसला. आपल्याकडे विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लागते, आणि तेवढ्यात गावाकडून जीप निघतात. घर सोडून आलेल्या कितीतरी पोरापोरींना ही तीस दिवसांची गोष्ट काउंटरवर उभं राहिल्यावर कळते. ताईंच्या वेळी त्यांच्या नवऱ्याचा एक मित्र होता. बोलायला अडखळणारा, कुणी फारसं विचारत नसे. दोघांचे दाखले, फोटो, वयाचे पुरावे आणि तीन साक्षीदार हे सगळं त्याने महिनाभर आधी जमवून ठेवलं होतं. साक्षीदारांना घरून आणायला रिक्षासुद्धा त्यानेच सांगून ठेवली होती.